एक वाजेपर्यंत मडकी

परदेशात माती नेता येत नाही, हे आम्हाला २०२३ च्या जूनमध्ये कळलं. तोवर विमानाची तिकिटं काढून झाली होती आणि पोस्टरही छापून आलं होतं. पोस्टरवर दुसरं काही नव्हतंच: एक घमेलं, त्यात लाल माती आणि मातीत उभी रोवलेली सुई.

नाटकाचं नाव 'पाचवं गाव'. उद्योगपर्वात युद्ध टळावं म्हणून युधिष्ठिर अर्ध्या राज्यावरून खाली उतरत उतरत पाच गावांवर येतो. अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत अशी चार नावं घेतो आणि पाचव्याला नावच देत नाही. 'किंचिदेव तु पञ्चमम्'. पाचवं कुठलंही द्या. दुर्योधन सुईच्या अग्रावर मावेल एवढी मातीही द्यायला तयार होत नाही, कृष्णाची शिष्टाई फसते, पुढचं सगळ्यांना पाठ आहे. आमच्या सरांच्या डोक्यात घोळत राहिलं ते हे बिननावाचं गाव. आपलं गाव मागितलं गेलंय की नाही हेही ज्यांना माहीत नाही, ती माणसं त्या दिवशी काय करत असतील? मडकी घडवत असतील, मेंढरं मोजत असतील. नाटक एवढंच. पाटील, कुंभारीण, मेंढपाळ आणि शेवटी हस्तिनापुराहून येणारा दूत. कृष्ण रंगमंचावर येतच नाही, त्याच्या रथाची धूळ तेवढी लांबून दिसल्याचं पाटील सांगतो. पुण्यात लहान नाट्यगृहांतून आम्ही याचे बावीस प्रयोग केले होते. मी निर्मितीची बाजू बघते, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीपासून हिशेबाच्या वहीपर्यंत सगळं.

स्कॉटलंडमधल्या एडिंबराला जायचं खूळ सरांचं. १९४७ साली, महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली असताना, तिथे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. आमंत्रण नसलेले आठ नाट्यसंघ तरीही येऊन थडकले आणि महोत्सवाच्या कडेकडेनं आपले प्रयोग करू लागले. ती कड म्हणजे फ्रिंज. आता मूळ महोत्सवापेक्षा कडच कितीतरी मोठी झालीय. आम्ही गेलो त्या ऑगस्टमध्ये तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होते. तिथे निवड समिती वगैरे नसते. जागा शोधायची, जागेवाल्याशी करार करायचा, नोंदणीचे पैसे भरायचे, झालं. त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी निवड' म्हणून आमचा पुण्यात जो सत्कार झाला, तो चुकीच्या माहितीवर आधारलेला होता. आम्ही ती दुरुस्त केली नाही. शाल चांगली होती.

भाषेवरून वाद झाला नाही. सर प्रत्येक बैठकीत दिग्दर्शक हबीब तन्वीरांचा दाखला देत: १९८२ मध्ये त्यांचं 'चरणदास चोर' तिथे गेलं, छत्तीसगढीतच झालं आणि फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन आलं. तेव्हा मराठीतच करायचं, मागे पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवायच्या. त्या ओळी लिहायच्या मी, आणि प्रयोगात लॅपटॉपचं बटण दाबून पुढे सरकवायच्याही मीच.

एक ओळ काही केल्या जाईना. पाटील म्हणतो, "आधी माती मागतील, मग माती करतील, शेवटी मातीला येतील." मराठी माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. जमीन मागतील, वाटोळं करतील आणि अंत्यविधीला हजर राहतील. इंग्रजीत तीन वेगवेगळे शब्द घेतले की वाक्य सरळ होतं आणि मरतं. एकच शब्द तिन्हीकडे ठेवला तर शेतीच्या बुलेटिनसारखं वाटतं. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी त्या ओळीला पडदा कोराच ठेवायचं ठरलं. पाटील करणारे काका पासष्टीचे आहेत, ते म्हणाले, "मी बोलताना त्यांनी माझ्याकडे बघावं हेच बरं."

आम्हाला मिळालेली वेळ होती दुपारी सव्वाबारा ते एक दहा. आधीचा कार्यक्रम बाराला संपणार, आमच्यानंतरचा दीडच्या आत सुरू होणार. नेपथ्य लावायला पंधरा मिनिटं, काढायला पंधरा. आमचं नाटक दोन अंकी, पावणेदोन तासांचं. सरांनी पहिल्या फेरीत सात मिनिटं कापली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग काकांनी आपलं चार पानांचं स्वगत स्वतःच फाडून टेबलावर ठेवलं. त्यानंतर बाकीच्यांना आपापली वाक्यं उराशी धरून बसणं अवघड गेलं.

समईसाठी उघड्या ज्योतीची परवानगी लागते म्हणून समई गेली, बॅटरीची पणती आली. माती बाहेरच्या देशातून आणायला बंदी, कारण तिच्यातून किडी आणि रोग येतात. हे ऐकून कुंभारीण करणारी बाई म्हणाली, "माणसं चालतात, माती नाही?" पण माणसंही तशी चालत नव्हती.

ब्रिटनच्या व्हिसाच्या नियमांत काही महोत्सवांना सवलत आहे. तिथे कला सादर करायला कामाचा वेगळा परवाना लागत नाही, भेटीचा साधा व्हिसा पुरतो, आणि फ्रिंज त्या यादीत आहे. फी तेव्हा १०० पौंड होती, म्हणजे दहा हजारांच्या वर. अर्ज भरणं सोपं, कागद जमवणं अवघड. बँकेचं सहा महिन्यांचं विवरण, आयकराचे कागद, नोकरीचं पत्र, रजा मंजूर झाल्याचं पत्र. प्रायोगिक नाटकवाल्यानं रजेचं पत्र कुणाकडून आणायचं? त्याची रजा कायमचीच चालू असते. मेंढपाळ करणारा मुलगा भोकरदन तालुक्यातला, त्याच्याकडे पासपोर्टही नव्हता. पोलीस पडताळणीला गावी गेला, तर आधी सगळ्या गावानं विचारलं की काय केलंस बाबा.

आम्ही आठ जणांनी अर्ज केले, सात व्हिसे आले. आठवा आमचा संबळवादक. गोंधळी घराण्यातला, पन्नाशीचा, रात्रभर गोंधळ घालून सकाळच्या एसटीनं तालमीला येणारा. त्याच्या खात्यात पैसे येतात ते सुपारीचे, रोख भरलेले, आणि आले की चार दिवसांत घरखर्चाला निघून जातात. नकाराच्या पत्राचा अर्थ एवढाच होता, की भेट संपल्यावर तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही. ज्या माणसाला नवरात्रात घरी नसण्याची कल्पनाच करता येत नाही त्याच्याबद्दल हे लिहिलेलं होतं. अपील नाही, पुन्हा अर्ज करायचा आणि पुन्हा तीन आठवडे थांबायचं. तेवढे दिवस उरले नव्हते. मी त्याला फोन केला तेव्हा माझाच आवाज लागेना. तो म्हणाला, "ताई, फोनवर रेकॉर्ड करून देतो की. आवाजाला कुठं व्हिसा लागतोय?"

आता हे सांगायला हवं, की नाटकाचा कळस त्याच्यावर होता. दूत येतो. पाटील विचारतो, "काय म्हणाले?" दूत सात ओळी बोलतो आणि सातवी संपता संपता संबळ उसळतो, अंगावर काटा येईल असा. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तोच संबळ डब्यात खडे वाजवल्यासारखा येत होता.

१२ ऑगस्टला आम्ही एडिंबरात उतरलो. ऑगस्टमध्ये तिथे राहण्याचे भाव ऐकून घाम फुटतो, म्हणून बंदराकडे, लीथ भागात, दोन खोल्यांत सात जण. ट्राम जूनमध्येच तिथवर आली होती, ते एक नशीब. दुसऱ्या दिवशी कुंभारीण आणि मी माती आणायला गेलो. बागकामाच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माती होती: काळी, भुसभुशीत, निम्मा पालापाचोळा. तिनं मुठीत घेऊन दाबली, मूठ उघडली, सगळं सांडलं. "ही माती नाही, चहाची पावडर आहे," ती म्हणाली. मग चिकणमातीची वेगळी गोणी घेऊन घरी मोरीत दोन्ही कालवल्या. पोस्टरवर लाल आणि घमेल्यात काळी. कुणी विचारलं नाही.

दुपारी रस्त्यावर पत्रकं वाटायला उभं राहिलो. किल्ल्यापासून उतरणाऱ्या त्या रस्त्यावर जो तो तेच करत असतो. कुणी तलवारी गिळतंय, कुणी अंघोळीच्या टबात बसून गातंय. आम्ही 'शांततेवरचं नाटक' म्हणालो की लोक हसून, मान तुकवून, बाजूनं निघून जात. चूक त्यांची नाही. शांततेवरचं नाटक म्हटल्यावर मीही गेले नसते. संध्याकाळी दूतानं आपली तऱ्हा काढली. "पाच गावं मागितली, एकही मिळालं नाही, पन्नास मिनिटं," असं तो हातावर पाच बोटं मोजत सांगायचा. लोक थांबायला लागले.

१४ तारखेचा, सोमवारचा, पहिला प्रयोग. पन्नास खुर्च्यांची खोली, नऊ प्रेक्षक. फ्रिंजला सरासरी सहा प्रेक्षक असतात अशी दंतकथा आहे, त्यामुळे आम्ही खूश. सगळं सुरळीत चाललं होतं. कुंभारीण मडक्यांशी बोलत होती, नाटकातली सगळ्यात हळवी जागा, आणि बाहेर तोफ उडाली.

फटाका नाही, टायर नाही, तोफ. खिडक्यांची तावदानं थरथरली. कुंभारणीच्या हातातलं मडकं निसटता निसटता राहिलं. मेंढपाळ विंगेतून अर्धा बाहेर आला. नऊ प्रेक्षकांपैकी आठ जण जागचे हलले नाहीत, त्यातल्या एका बाईंनी फक्त घड्याळ बरोबर लावलं.

एडिंबराच्या किल्ल्यावरून दुपारी एक वाजता तोफ उडवतात. १८६१ पासून. बंदरातल्या जहाजांना धुक्यात वेळ कळावी म्हणून सुरू झालेली प्रथा, आता प्रवाशांसाठी चालू आहे. बारा वाजता का नाही, तर बारा बार उडवावे लागतील, एकला एकात भागतं, असा तिथल्या लोकांच्या काटकसरीवरचा विनोद आहे. पुण्याहून गेलेल्या माणसांना तो लगेच कळला. जागेच्या माहितीपत्रकात तोफेबद्दल एक ओळ होती, हे मला नंतर सापडलं. मीच ते पत्रक सगळ्यांना पाठवलं होतं.

त्या रात्री स्वयंपाकघरात बैठक बसली. प्रकाशयोजना करणारा म्हणाला, जागा बदलून मागू. ते शक्य नव्हतं. काका म्हणाले, दुर्लक्ष करू. सर बराच वेळ कागदावर आकडे मांडत होते. मग म्हणाले, "आपला संबळ आला नाही. त्यांची तोफ रोज फुकट येतीय. दूताच्या सात ओळी काढा. त्यानं तोंड उघडायचं, बस."

सांगायला सोपं. पण जिवंत नाटक घड्याळावर चालत नाही. लोक उशिरा येतात, नट एखाद्या दिवशी रंगात येतो, दोन मिनिटांचा फरक सहज पडतो. तोफ मात्र सेकंदावर. म्हणजे नाटकात कुठेतरी रबर हवं होतं. ते कुंभारणीनं शोधलं. दूताच्या आधी तिचा मडकी मोजण्याचा छोटा प्रसंग होता, मूळ संहितेत ती सातपर्यंत मोजते. तिनं ठरवलं, एक वाजायला वीस सेकंद उरेपर्यंत मोजत राहायचं. मी मागे लॅपटॉपशी, हातात सेकंदकाटा असलेलं घड्याळ. वेळ झाली की पणतीचा उजेड किंचित वाढवायचा, ती मोजणी थांबवणार, दूत आत येणार, पाटील विचारणार, "काय म्हणाले?", दूत तोंड उघडणार.

मंगळवारी ती एकतीसपर्यंत गेली. बुधवारी अकरावर संपलं. आणि मोजण्यात काहीतरी घडायला लागलं. एकोणीस, वीस, एकवीस करताना तिचा आवाज बदलायचा, जणू प्रत्येक मडक्याला घर आहे आणि ती घरं मोजतेय. प्रेक्षकही तिच्याबरोबर मनात मोजायचे. मग प्रश्न, उघडलेलं तोंड, आणि तोफ. एकदा तर इतकी बरोबर जुळली की एक माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. मी पडद्यावर काहीच दाखवत नव्हते. दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

आकडा हळूहळू वाढला. नऊ, चौदा, बारा, एकवीस. स्वातंत्र्यदिनाला ग्लासगोहून एक मराठी कुटुंब आलं होतं. त्यांनी पोटभर कौतुक केलं, घरचे लाडू दिले आणि निघताना गृहस्थ सरांना म्हणाले, "पुढच्या वेळी जरा विनोदी आणा. लोकांना कळेल असं."

शुक्रवारी प्रयोग संपल्यावर एक बाई दाराशी थांबल्या होत्या. युक्रेनच्या. लीथच्या धक्क्यावर उभ्या केलेल्या एका जहाजात निर्वासितांना ठेवलं होतं, जुलैमध्येच ते रिकामं केलं गेलं. त्या तिथे बरेच महिने राहिल्या होत्या. आम्हाला वाटलं, कौतुक करतील. त्या सरांना म्हणाल्या, की तुमच्या गोष्टीत ज्याचं राज्य गेलं तोच पाच गावांवर तह करायला निघालाय, आणि तुम्ही तो शहाणा म्हणून दाखवताय. आम्हालाही बाहेरून लोक हेच सांगतात, थोडी जमीन सोडा, शांतता घ्या. तुमच्या पाचव्या गावात माझी आई राहते. सोडलेल्या गावातल्या माणसांचं काय होतं ते दाखवा, मग मी टाळ्या वाजवीन.

त्या रागावलेल्या नव्हत्या, इंग्रजी शब्द शोधत शांतपणे बोलत होत्या. सरांना उत्तर सुचलं नाही. मलाही आजवर सुचलेलं नाही. महाभारतात पाच गावं मागणं हा पांडवांचा मोठेपणा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गावांना हे मान्य होतं का, हा प्रश्न आमच्याच नाटकाचा. पण आम्ही तो अर्ध्यावर सोडला होता, हे आम्हाला लीथच्या बाईंनी दाखवलं. घरी जाताना ट्राममध्ये कुणी बोललं नाही. काकांनी त्या रात्री आपल्या फाडलेल्या चार पानांतली दोन वाक्यं परत मागितली. पाटील दूताला विचारतो: "आम्हाला मागितलं, तेव्हा आम्हाला विचारलं का? द्या म्हणणारा कोण, नाही म्हणणारा कोण?" शनिवारपासून ती आली. एक वाजायच्या आत बसवायची म्हणून मडकी कमी झाली.

मग आला रविवार.

सगळं नेहमीसारखं. अडतीस प्रेक्षक, आतापर्यंतचे सर्वाधिक. कुंभारीण चोवीसवर पोचली, मी उजेड वाढवला, दूत आत आला. "द्या म्हणणारा कोण, नाही म्हणणारा कोण? काय म्हणाले?" दूतानं तोंड उघडलं. माझा काटा बारावर आला आणि पुढे गेला.

तोफ नाही.

रविवारी तोफ उडवत नाहीत. तेही त्याच पत्रकात त्याच ओळीत लिहिलेलं होतं.

दूत तोंड उघडून उभा. पाटील त्याच्याकडे बघत उभा. पाच सेकंद, दहा. सात ओळी त्याला पाठ होत्या, बावीस प्रयोग त्यानं त्या म्हटल्या होत्या, पण आता कोणती म्हणावी हे त्याला कळेना, की कळूनही म्हणवेना. नंतर विचारलं तर त्यालाही नीट सांगता आलं नाही. विसाव्या सेकंदाला माझा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला, पण दाखवायला ओळच नव्हती. खोलीत कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता. मग दूतानं तोंड मिटलं, खाली बसला आणि घमेल्यात हात घातला. ती काळी माती त्यानं मुठीत घेतली, मूठ उघडली, सगळं सांडलं. कुंभारीण विंगेत जायच्या ऐवजी तिथेच थांबली होती. तिनं पुन्हा मोजायला सुरुवात केली. एकपासून.

नेपथ्य काढायच्या पंधरा मिनिटांत कुणी कुणाशी बोललं नाही, घाईच तेवढी असते. जिन्यात सर म्हणाले, "हे ठेवायचं." काका म्हणाले, "उद्या तोफ आहे." यावरून भांडण झालं, दौऱ्यातलं सगळ्यात मोठं. प्रकाशयोजनावाल्याला तोफ हवी होती: प्रेक्षक हादरतो, लक्षात ठेवतो. कुंभारणीचं म्हणणं, तोफ उडाली की प्रेक्षकाला वाटतं उत्तर मिळालं. दूतानं तोंड बंद ठेवलं. माझं मत विचारलं नाही, पण मी कुंभारणीच्या बाजूची होते. शेवटी उपाय काढला तो असा, की प्रयोग तीन मिनिटं आधी आटोपत आणायचा. दूत तोंड उघडतो, शांतता, तो बसतो, कुंभारीण मोजू लागते, आणि मोजता मोजता केव्हातरी बाहेर तोफ उडते. ती ऐकून तिनं थांबायचं नाही. कितीपर्यंत मोजायचं हे तिच्यावर.

रात्री किल्ल्यासमोरच्या पटांगणात टॅटू नावाचा लष्करी संचलनाचा सोहळा असतो. १९५० पासून दर ऑगस्टमध्ये, आठ हजारांहून जास्त खुर्च्या, बॅगपाइप, शेवटी आतषबाजी. आमच्या घराच्या खिडकीतून आकाश उजळलेलं दिसायचं. मेंढपाळानं स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून तो पाहिला आणि सरांना सांगू नका म्हणाला. "फार भारी असतं हो ताई. पण सरांना वाटेल, शांततेचं नाटक करून हा कुठं गेला."

त्याच मेंढपाळाची एक गोष्ट राहिली. शेवटच्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले, ग्लासगोचे. प्रयोगानंतर प्रत्येक नटाला गाव विचारत होते. त्यांचे आजोबा हायलँड लाइट इन्फंट्रीत होते. त्या पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात एक हत्ती असायचा आणि हत्तीच्या वर एक शब्द. त्यांनी फोनवर फोटो काढून दाखवला. मेंढपाळानं अक्षरं जुळवली आणि ओरडलाच, "असई!"

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा विरुद्ध वेलस्ली. चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची त्या दिवशी दाणादाण उडाली, तरी लढाई इंग्रजांनी जिंकली, आणि त्या सन्मानाचा हत्ती पुढे वारशानं या पलटणीकडे आला. असई आहे भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या मध्ये. मेंढपाळाच्या मावशीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. म्हाताऱ्यांना हे पटेना. त्यांना असई म्हणजे नुसता शब्द वाटायचा, बिल्ल्यावरचा, खरं गाव असेल असं कधी मनात आलं नव्हतं. तिथे आता काय आहे, त्यांनी विचारलं. "मका," मेंढपाळ म्हणाला. "कपाशी. माझी मावशी." मग आमच्याकडे वळून मराठीत, "लढाई आमच्यात झाली अन् नाव यांच्या टोपीवर." हे मी त्यांना इंग्रजीत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

२३ ऑगस्टला प्रयोग संपवून आम्ही जिन्यात एका फोनभोवती गोळा झालो. तिथल्या एक चौतीसला, आपल्या सहा वाजून चार मिनिटांनी, चंद्रयान उतरलं. सगळे ओरडलो. पुढच्या कार्यक्रमाच्या विदूषकानं बाहेर येऊन काय झालं विचारलं आणि तोही ओरडला. कुंभारणीच्या नखांत अजून बागेची माती होती.

२६ तारखेला शेवटचा प्रयोग. सगळी तिकिटं गेली नाहीत, चाळीस गेली. हिशेब सांगत नाही. शाल विकली असती तरी भरून निघाला नसता. माती परत नेण्यात अर्थ नव्हता, जागेवर तांत्रिक काम बघणाऱ्या मुलीनं ती टोमॅटोच्या कुंड्यांसाठी मागून घेतली. घमेलंही तिलाच दिलं, सामानाच्या वजनात बसेना.

पुण्यात आल्यावर संबळवाल्याला सगळं सविस्तर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या जागी तोफ लावली व्हय," एवढंच म्हणाला. आणि मग, बऱ्याच वेळानं, "चांगली वाजायची का?"

नवरात्र संपल्यावर पुण्यात प्रयोग लावला. पूर्ण दोन अंक, लाल माती, संबळवाला आपल्या जागेवर. फक्त दूताच्या सात ओळी परत घातल्या नाहीत आणि संबळवाल्यालाही सांगितलं की इथे काड्या उचला पण वाजवू नका. त्याला ते आवडलं नव्हतं. पाटलानं विचारलं, "काय म्हणाले?" दूतानं तोंड उघडलं. काड्या हवेत. पाच सेकंद, दहा, पंधरा.

"विसरला वाटतं," दुसऱ्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, पुण्याच्या नाट्यगृहात हळू म्हणून जेवढ्या मोठ्यानं बोलतात तेवढ्या मोठ्यानं.

"नाही गं," शेजारीण म्हणाली. "सांगवत नसेल."

संबळवाल्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि काड्या हळूच मांडीवर ठेवल्या.